टप्प्यात आलेला माळ

शंकेखोर : शिकारीतली मजा संपली, हे एकदा कबूल करून टाकू. बंदुकीची शिकार कायद्यानं संपली आणि ते बरंच झालं. मी बोलतोय ते तुमच्या कॅमेऱ्याच्या शिकारीबद्दल. तुम्ही लोक पहाटे अंधारात गाडी काढता, भूमच्या नाहीतर परंड्याच्या माळावर पोचता, तर तिथं सोलापूर-पुण्याच्या गाड्या आधीच उभ्या. एखाद्या ओघळीत लांडगीनं पिल्लं घातलेली असतात आणि वरच्या बांधावर ओळीनं लेन्स लागलेल्या. कुणाचा तरी फोन वाजतो, लांडगी उठून जाते, मग एकमेकांवर डाफरणं सुरू. आमच्या चुलत्यांकडं परवान्याची बारा बोर होती. ते निघाले की एका शिवेपासून दुसऱ्या शिवेपर्यंत माणूस आडवा यायचं नाही. कुसळीतनं पायी चालायचं, वारा कुठून येतोय बघायचं, आणि दिवसाकाठी पिशवीत दोन तित्तर पडले तरी गडी खूश. तुमच्याकडं कार्डभर फोटो असतात आणि तोंडं आंबट.

शौकीन : काका, चुलत्यांचा एकांत तुम्ही फार रंगवून सांगता. माणूस आडवा यायचं नाही म्हणजे मोजण्याजोगं माणूस आडवा यायचं नाही. गुराखी होते, मेंढपाळ होते, पारधी होते, जळण वेचणाऱ्या बाया होत्या. बंदूकवाल्याच्या हिशेबात ते धरलेच जायचे नाहीत. आणि साठच्या दशकात याच दख्खनच्या माळांवर जीपला सर्चलाइट लावून काळविटांचे कळपच्या कळप लोळवले, ते कुणी? तेव्हा वारा कुठून येतोय हे कोण बघत होतं? उजेडानं डोळे दिपलेलं जनावर जागचं हलत नाही, त्याला पाडायला कसब कसलं लागतंय! आणखी मागं जा. कर्नल साईक्स एकोणिसाव्या शतकात दख्खनच्या पक्ष्यांची नोंद करत होता. त्यानं लिहून ठेवलंय की एका साहेबानं हजारभर माळढोक मारले. एकट्यानं. गर्दी नव्हती, जागेची अडचण नव्हती, मजा भरपूर होती. आज शेजारच्या सोलापुरात नान्नजला एखादा माळढोक दिसला तर त्याची बातमी होते. बरं, १९७२ साली कायदा आला तरी लहान सावजांच्या परवान्याची कलमं त्यात शिल्लकच होती, ती गेली १९९१ च्या दुरुस्तीनं. म्हणजे शौक सोडायला चुलत्यांना वीसेक वर्षं सवड होती.

शंकेखोर : सर्चलाइटवाल्यांची वकिली मी करत नाही. ती शिकार नव्हती, कत्तल होती, आणि तेव्हाच्या चांगल्या शिकाऱ्यांनाही ती खपत नव्हती. पण तू जागेच्या प्रश्नाला बगल दिलीस. माळ म्हणजे काय असतं? ज्याला कुंपण नाही ते. सावजाचा माग धरला की तो जाईल तिकडं आपण जायचं, मधेच मन बदलायचं, दुसऱ्याच ओढ्यात उतरायचं, संध्याकाळी भलत्याच गावात चहा प्यायचा. या हिंडण्याला मुभा लागते. आता बालाघाटाच्या या पठारावर फिरून बघ. गायरानाचा निम्मा भाग अतिक्रमणात, उरलेल्यातून पवनचक्कीचा मुरमाड रस्ता. चक्कीच्या बुडाशी पहारेकरी, तो विचारतो कुठं निघालात. पलीकडं सौर प्रकल्पाची जाळी. त्याच्या पलीकडं सोयाबीन, आणि सोयाबीनच्या कडेनं झटका मशीनची तार. कोल्ह्याचा माग त्या तारेखालून जातो, तुझा जात नाही. मग तू करतोस काय, तर उरलेल्या तुकड्यात जातोस, आणि त्याच तुकड्यात बाकीचेही आलेले असतात. गर्दी वाढली असं आपण म्हणतो. माणसं फार वाढलेली नाहीत, तुकडा लहान झालाय.

शौकीन : हे खरंय. पण ही मुभा सगळ्यांना कधी होती, ते सांगा. आपल्या उमरग्याच्या पलीकडं, हाकेच्या अंतरावर, कल्याणी. आताचं बसवकल्याण. बाराव्या शतकात तिथं चालुक्यांचा तिसरा सोमेश्वर राज्य करत होता. त्याच्या ‘मानसोल्लासा’त राजानं मन कसं रमवावं याची प्रकरणं आहेत, त्यात मृगयाविनोद आहे. म्हणजे आठशे-नऊशे वर्षांपूर्वी या मुलुखात शिकार हा विनोदाचा विषय होता, पण तो राजाचा विनोद. पुढं निजामी आली, नवाब-जहागीरदारांच्या शिकारी आल्या. राजाच्या शिकारीला गर्दी कमी असायची असं वाटतं तुम्हाला? हाका घालायला गावंच्या गावं निघायची. ताशे, डबे, आरोळ्या. कोल्हापूरकरांनी तर चित्ते पाळून काळविटं धरायचा शौक केला, त्यासाठी चित्तेवान ठेवले, देशातले चित्ते मिळेनासे झाल्यावर आफ्रिकेतून आणवले. शेकडो माणसं राबत होती आणि मजा मारत होता एक. आजच्या बांधावर सात जण लेन्स लावून उभे असतात, तेव्हा सातही जण मजा मारायला आलेले असतात. तुम्हाला टोचतं ते हेच असावं.

शंकेखोर : टोमणा बरा आहे, पण लागला नाही. सातही जण मजा मारायला आलेले असतात, पण सातांपैकी एकालाही ती मिळत नाही, असं माझं म्हणणं आहे.

शौकीन : मला मिळते! आणि का मिळते ते सांगतो. आपला खंडोबा घ्या. अणदूरला, नळदुर्गला आपण त्याच्या यात्रेला जातो. तो शिकारीच्या नावाखाली घराबाहेर पडतो आणि जातो बाणाईकडं. देवालासुद्धा घर सोडायला निमित्त लागलं. माझंही तेच. घरात बसून मोबाईलवर जगातली सगळी जनावरं दिसतात. पण डिसेंबरात येडशीच्या घाटात सूर्य उगवायच्या आधी उभं राहायचं, मोर ओरडतोय का वानर ओरडतंय हे कान देऊन ऐकायचं, कुठली ओरड धोक्याची आणि कुठली नुसती कटकटीची हे ओळखायचं, याला निमित्त लागतं. कॅमेरा हे ते निमित्त. आता गेल्या वाघाचंच घ्या. २०२४ च्या डिसेंबरात येडशी-रामलिंग घाट अभयारण्यातल्या ट्रॅप कॅमेऱ्यात पट्टेवाला वाघ आला. यवतमाळच्या टिपेश्वरचा. साडेचारशे-पाचशे किलोमीटर चालून, रेल्वे, महामार्ग, कालवे, उसाचे फड ओलांडून. इथलं अभयारण्य जेमतेम २२ चौरस किलोमीटर. त्याला पकडून सह्याद्रीत न्यायचं ठरलं, बेशुद्ध करणारी पथकं आली, कित्येक आठवडे हिंडली, वाघ हाती लागला नाही. ज्या मुलुखाला तुम्ही तुकडे म्हणता, त्याच तुकड्या-तुकड्यांतून तो येतो, जातो, बार्शीकडं उतरतो, परत येतो. त्याला वाट सापडते. आणि येडशीचा माणूस संध्याकाळी पुन्हा मातीकडं बघायला लागला, गोठ्यातलं जनावर का बुजलं याचा विचार करायला लागला. तुमच्या चुलत्यांना जे येत होतं, ते गाव दोन महिन्यांत शिकलं.

शंकेखोर : भीतीनं शिकलं. ज्याची गाय गेली त्याला जाऊन विचार, मजा आली का म्हणून. वाघामुळं दिवस मावळायच्या आत घरी परतणारा शेतकरी आणि वाघासाठी दिवस उगवायच्या आत घाटात जाणारा तू, दोघं एकाच मातीकडं बघता, पण बघणं एक नाही. बरं, त्याच डिसेंबरचा दुसरा प्रसंग तू गाळलास. ३१ डिसेंबर २०२४. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य. एक वाघीण, पाच बछडे, आणि दोन्ही बाजूंनी पर्यटकांच्या जिप्सी. तिला पुढं जाता येईना, मागं जाता येईना. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं आपणहून दखल घेतली, चालक आणि मार्गदर्शकांवर कारवाई झाली. महिना एक, राज्य एक. एका वाघाला पथकांना महिनोन्महिने शोधता येईना, आणि दुसरीकडं तिकीट काढून आलेल्यांनी वाघिणीचा रस्ता अडवला. या दोन गोष्टींत फरक गर्दीचा आहे असं वरवर दिसतं. मला विचारशील तर फरक खात्रीचा आहे. उमरेडला माणसं खात्री विकत घेऊन आली होती. पैसे भरलेत, वाघ दिसलाच पाहिजे. फोनवर ठिकाण मिळालंय, लांडगा असलाच पाहिजे. शिकारीचा जीव कशात होता? सावज हुकण्यात. दहातले नऊ दिवस हुकायचं म्हणून दहाव्या दिवसाला किंमत. तुम्ही हुकणं काढून टाकलंत आणि शिकार राहिली म्हणता.

(इथं शौकीन थोडा गप्प झाला. पाणी देऊन, मांस टाकून पक्षी समोर आणून बसवायच्या जागा त्याला माहीत आहेत, आणि त्यातल्या एका जागी तो स्वतः बसलेला आहे, हे मला माहीत होतं. त्यानं ते सांगितलं नाही.)

शौकीन : खात्री विकली जाते, हे मान्य. पण त्यावर उपाय गाड्या मोजण्याचाच आहे ना? पुणे जिल्ह्यात वन खात्यानं माळरान सफारी सुरू केली, कडबनवाडीला, शिर्सुफळला. नोंदणी करायची, ठरलेल्या वाटेनं जायचं, सोबत गावातला पोरगा. तिथला लांडगा फुकट त्रास देण्याचा विषय राहिला नाही. आपल्याकडंही करू. अमेरिकेत बघा, १९३७ पासून बंदुका-काडतुसांवर कर आहे आणि तो पैसा वन्यजीवांच्या कामाला जातो. शिकारी तिथं कुरकुरतो, सरकारी जमिनीवर फार गर्दी झाली म्हणतो, खासगी रानमालक आत येऊ देत नाही म्हणतो, पण पैसे भरतो. म्हणजे ही तक्रार आपल्या माळापुरती नाही. शौकाची किंमत शौकीनानं भरावी.

शंकेखोर : किंमत लागली की ज्याच्याकडं किंमत आहे तोच आत. पुन्हा सोमेश्वर. फक्त मुकुट काढून टोपी घातलेला. आणि पोरगा सोबत असतो म्हणालास, तो गाडीत बसून बोट दाखवतो. त्याच्या आज्यानं काय केलं असतं? एक सांगतो. आमच्या शिवारात एक म्हातारा फासेपारधी यायचा. खांद्यावर कापडानं झाकलेला पिंजरा, त्यात पाळलेला तित्तर. काखेत फाशांची गुंडाळी, बांबूच्या कामट्यांना बांधलेले बारीक फासे. पूर्वी घोड्याच्या शेपटीच्या केसांचे करायचे, त्याच्याकडं त्यातले काही जुने शिल्लक होते. झुंजुमुंजू झालं की पिंजऱ्यावरचं कापड सारायचं. आतला ओरडला की त्या झुडपांचा मालक असलेला रानतित्तर चवताळून उत्तर द्यायचा, मग जवळून, मग आणखी जवळून. म्हातारा उताणा पडून डोळे मिटून ऐकायचा. कानानंच सांगायचा, हा म्हातारा आहे, हा फसायचा नाही. आणि खरंच नाही फसला की त्याला हसू फुटायचं. घरी खायला काही नाही आणि गडी हसतोय. ती मजा मी पुन्हा कुणाच्या तोंडावर बघितली नाही, आमच्या चुलत्यांच्याही नाही.

शौकीन : आणि त्याच माणसाला वाटेत पोलिसानं धरलं असतं तर?

शंकेखोर : धरलंच होतं की. तित्तरासाठी नव्हे, गावात चोरी झाली म्हणून. इंग्रजांनी १८७१ साली कायद्यानं अख्ख्या जमाती गुन्हेगार ठरवल्या, १९५२ साली तो कायदा गेला. निजामाच्या मुलुखातही यांच्याकडं बघायची नजर काही निराळी नव्हती. कायदा गेला, नजर राहिली. मग १९७२ चा कायदा आला, तो जनावरांसाठी योग्यच होता, पण त्यानं याचं उरलंसुरलं पोटही गुन्ह्यात टाकलं. गायपारधी गाईच्या आडोशानं हरणापर्यंत पोचायचे, चित्तेपारधी चित्ते धरायचे. राजांना त्यांची गरज होती तोवर ते कसबी, गरज संपली की संशयित. त्यांचा माळ सगळ्यांच्या आधी आक्रसला, पण त्याला आपण कधी जागेची टंचाई म्हटलं नाही. आज ढोकीच्या, कळंबच्या पारधी पिढीवर, म्हणजे वस्तीवर, जाऊन विचार, मुलांना फासे विणता येतात का. येत नाहीत, आणि यायला हवेत असं मीही म्हणणार नाही. अडचण इथंच आहे माझी.

शौकीन : अडचण नका करून घेऊ, वाटा आहेत. अकोला-वाशिमकडं फासेपारध्यांनी आपल्या बेड्याभोवतीची, म्हणजे वस्तीभोवतीची माळरानं राखायला घेतलीत. मध्य प्रदेशात पन्नाच्या भागात पारधी तरुण पर्यटकांना पायी फिरवतात, माग वाचून दाखवतात. गाडी नाही, खात्री नाही, वाघ दिसेल असं कुणी सांगत नाही. तुम्हाला हवं ते हुकणं त्यात आहे.

शंकेखोर : आहे. पण तित्तराला कान लावून पडलेला म्हातारा आणि पर्यटकाला तित्तर ऐकवणारा त्याचा नातू, यांत नातवाचा पगार पक्का असतो आणि हसू पक्कं नसतं. पगार पक्का हवा, याबद्दल वाद नाही. मी फक्त म्हणतोय की मजा तीच राहिली असं तू म्हणू नकोस. आणि अजून तिसरा माणूस राहिलाय, तुझ्या घरातला.

शौकीन : शेतकरी.

शंकेखोर : हो. कायद्यानं आज शिकारीचा थोडाफार हक्क उरलाय तो त्यालाच. पीक खाणारं रानडुक्कर, रोही मारायला परवानगी मिळू शकते, २०१५ चा शासन निर्णय आहे. त्यासाठी अर्ज करा, पंचनामा करा, परवान्याची बंदूक कुणाकडं आहे ते शोधा. तोवर डुकरांनी मका आडवा केलेला असतो. त्याच्या हातात बंदूक दिली तरी त्याला त्यात काडीचा आनंद नाही, रात्रभराची झोप मिळाली तर बघतो. म्हणजे बघ कशी वाटणी झालीय. शिकारीचा हक्क शेतकऱ्याकडं आहे, त्याला मजा नाही. कसब पारध्याकडं होतं, त्याला परवानगी नाही. मजा तुझ्याकडं आहे, आणि तुला ना हक्क लागतो ना कसब, लेन्सचा हप्ता फेडला की झालं. चुलत्यांच्या काळी या तिन्ही गोष्टी एका माणसात असायच्या, निदान कधीमधी. आता त्या एकत्र येत नाहीत. ‘मजा गेली’ म्हणताना माझ्या मनात हेच असतं. गाड्यांची गर्दी हे त्यातलं वरवरचं.

शौकीन : वाटणी छान केलीत, पण एक माणूस त्यात बसत नाही. मी. मी काही पुण्याहून येत नाही. आमची साडेतीन एकर भूमच्या कडेला, गायरानाला लागून. रब्बीत हरभरा केला की रात्री काळविटांचा कळप येतो. आबा बांधाला आईच्या, आजीच्या जुन्या साड्या बांधतात, हरणं दोन दिवस बिचकतात आणि तिसऱ्या दिवशी साडीखालूनच आत येतात. मी बॅटरी घेऊन राखणीला जातो, डबा वाजवतो, शिव्या देतो. हेच कळप पहाटे गायरानात उभे राहतात, पाठीमागून ऊन, नराची पिळदार शिंगं, अंगावर दव. तेव्हा मी पोटावर सरपटत जातो, वारा बघतो, श्वास धरतो. रात्री ज्याला दगड मारला तोच नर सकाळी माझ्या चौकटीत असतो. कधी कधी त्याच्या तोंडात आमचाच हरभरा असतो. आता सांगा, मी तुमच्या तिघांतला कोण?

शंकेखोर : तू सांग. उद्या काळविटाचीही परवानगी निघाली तर बार काढशील?

शौकीन : काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे, निघणार नाही.

शंकेखोर : कायद्यामागं लपू नकोस. निघाली असं धर.

शौकीन : ... आमच्या हरभऱ्यात असेल तर आबांना नको म्हणणार नाही. गायरानात असेल तर कुणाला बार काढू देणार नाही.

शंकेखोर : मधे बांध आहे फक्त. जनावर तेच, रात्र-सकाळचा फरक.

शौकीन : हो. आणि मला त्यात लबाडी वाटत नाही, हे तुम्हाला खटकेल. रात्रीचा राग खरा आहे, सकाळची धडधडही खरी आहे. तुमच्या त्या म्हाताऱ्याला भूकही होती आणि हसूही येत होतं, ते तुम्हाला चाललं. मग माझं का चालू नये?

शंकेखोर : म्हाताऱ्यानं एकाच पक्ष्यात दोन्ही सोसलं. पक्षी सुटला तर उपाशी तोच झोपणार होता. तुझा फोटो हुकला तर तुझं काय जातं? आणि हरभरा गेला तर आबांचं जातं, तुझं नाव सातबाऱ्यावर अजून लागलेलं नाही. तरी तू म्हणतोस त्यात तथ्य आहे, असं मला वाटायला लागलंय, आणि ते मला सोयीचं नाही. मी मजेला एकांत लागतो म्हणून सुरुवात केली. तू मला इथवर आणलंस की मजेला काहीतरी पणाला लागलेलं असावं लागतं. बांधावरच्या सात जणांचं काही पणाला नाही, म्हणून ते एकमेकांना गर्दी वाटतात. हाक्याला आलेल्या गावाला गर्दी वाटली नसेल, डुक्कर कुणाच्या अंगावर येईल सांगता येत नव्हतं.

शौकीन : मग माझं ऐका. माळरानाची सफारी आपल्याकडं करायचीच, पण पायी. वाटाड्या पारधी पिढीवरचा, पैसे त्याच्या हातात. ज्याच्या शेतात कळप चरतो त्याला तिकिटातला वाटा, म्हणजे हरीण जगण्यात त्याचंही काही पणाला लागेल. आणि पहाटेला चारच माणसं.

शंकेखोर : करार कुणाशी करशील? हरणाचं नाव सातबाऱ्यावर नाही, पारध्याचंही नाही. माळढोकाच्या वेळी काय झालं ठाऊक आहे ना? १९७९ साली कागदावर साडेआठ हजार चौरस किलोमीटर अभयारण्य केलं, त्यात गावं, शेतं, सगळं आलं. लोकांच्या जमिनींचे व्यवहार अडकले, आणि ज्या पक्ष्याला लोकांनी कधी दगड मारला नव्हता त्याचा लोकांना राग यायला लागला. पुढं हद्द बाराशे-सव्वाबाराशेवर आणली, तोवर पक्षी नावालाच उरला होता.

शौकीन : म्हणूनच वन खात्याशी नको. ग्रामसभेशी.

शंकेखोर : त्याच ग्रामसभेसमोर गायरान पवनचक्कीला द्यायचा ठराव आला तर?

शौकीन : मी विरोधात हात वर करीन.

शंकेखोर : आणि आबा?

शौकीन : आबा आधी भाडं किती ते विचारतील.